न आलेल्याचा वाटा

टक, टक.

पहाटेच्या अंधारात देवाजीभाऊंची काठी शेजारच्या गुलाबच्या कुंपणावर वाजली. ओल्या बांबूचा आवाज तो केवढा असणार! पण ज्याला तो ऐकायचा असतो त्याला ढोलासारखा ऐकू येतो. मग चिखलातली पावलं माझ्या घरासमोर आली, थांबली नाहीत, आणि पलीकडे वच्छलाबाईंच्या कुंपणावर पुन्हा तेच. टक, टक.

मधल्या घरात मी खाटेवर उताणा, डावा पाय प्लास्टरमध्ये. दुकानावर ‘येथे सर्व कामे काळजीपूर्वक केली जातील’ असा फलक लावायला स्टुलावर चढलो होतो. फलक लागला, मी पडलो. आता मोडक्या पायाच्या माणसाला जंगलात चल म्हणून कोण उठवणार? देवाजीभाऊंचं काही चुकलं नाही, हे मला लख्ख कळतं. तरी ती पावलं पुढे निघून गेली तेव्हा छातीत काहीतरी खाली गेलं. विहिरीतून वर येत असलेली बादली, हातातला दोर सुटून परत खाली जावी, तसं. पन्नाशीच्या घरातला माणूस मी, तोंडावर चादर ओढून पडून राहिलो.

श्रावण लागलाय. दोन दिवस झड, मग एक दिवस अंगावर ओलं पोतं टाकल्यासारखा उकाडा. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, नुसते वास बदलतात. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात. म्हणजे माझ्या एकाच पायाच्या, दुसरा राजेशाही थाटात कोरडा आहे. धानाचा रोवणा उरकत आला की अशाच एखाद्या उकाड्यानंतरच्या पहाटे जंगलातल्या वारुळांवर सात्या उगवतात. सात्या म्हणजे पांढरी रानअळिंबी. रात्रीतून वर येते, छत्री उघडायच्या आत खुडली तर खरी चव, आणि दुपारपर्यंत किडे तिचे मालक होतात. बहुधा दरवर्षी त्याच वारुळांवर येते, म्हणून ज्याला वारुळं ठाऊक तो ती सोयऱ्यालाही दाखवत नाही.

म्हणून तर ती टकटक. गावात बोलायचं नाही, नाव घेऊन हाक मारायची नाही, कारण दुसऱ्या टोळक्याला सुगावा लागतो. काठी दोनदा वाजली की उठायचं, पिशवी घ्यायची आणि मुक्याने मागे चालू लागायचं. मात्र गावाबाहेरचा नाला ओलांडला की नियम उलटा. तिथून पुढे वाघाचा मुलूख, आणि तिथं गप्प चालणंच धोक्याचं. माणसांचा आवाज आला की तो आपणहून बाजूला होतो. एकट्यादुकट्याने तर तिकडे फिरकायचंच नाही. चारपाच जणांनी मिळून जायचं आणि त्यात सतत बोलणारा एक तरी पाहिजे.

माझी निवड गुणवत्तेवर झाली होती.

मी मूळचा माजरीकडचा, कोळशाच्या धुळीतला. रेखा, म्हणजे बायको, या गावची. सासरे थकले तेव्हा आम्ही इथं राहायला आलो आणि बसथांब्याजवळ मी झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान टाकलं. गावात जावई हा देवासारखा असतो. मान सगळे देतात, गप्पांना कोणी बोलावत नाही. “या जवाईबापू, बसा जवाईबापू, च्या घ्या जवाईबापू.” पहिली दोन वर्षं मी नुसता चहा घेत होतो. मग एका श्रावणात देवाजीभाऊ दुकानात आले. आधार कार्डावरच्या फोटोत भला माणूसही चोरासारखा का दिसतो, हे मी एका गिऱ्हाइकाला समजावत होतो. ते बराच वेळ ऐकत उभे राहिले.

“जवाईबापू, तुमी चूप कवा राह्यता?”

“झोपेत.”

“खोटं हाय,” डबा घेऊन आलेली रेखा मागून म्हणाली.

“मंग पहाटे तयार राहा जी. आमाले असाच मानूस पाह्यजे.”

नाल्यापलीकडे पाऊल पडलं आणि मी जो सुरू झालो तो झालोच. माजरीच्या क्वार्टरमधली भांडणं, माझं लग्न, लग्नात हरवलेला माझाच एक बूट. वच्छलाबाई हसून हसून बांबूला धरून उभ्या राहिल्या. “अगा बाप्पा! हा तं रेडिओ हाय! याचं बंद कराचं बटन कुठी हाय वो रेखाले इचारा.” त्या दिवसापासून मी रेडिओ. जवाईबापू मागे पडला. “ए रेडिओ, पिशवी धर.” “अबे रेडिओ, पाय पाह्यून टाक न, पानात साप राह्यते.” कोणीतरी मला ‘अबे’ म्हणतंय, या आनंदात घरी येऊन मी रेखाला ते दोनदा सांगितलं. ती म्हणाली, “तुमाले एवढं आवडते तं मी रोज म्हनत जाईन.”

परतताना नाल्याच्या अलीकडे एका मोहाखाली वाटे व्हायचे. कोणाला किती सापडल्या हे विचारायचं नाही. सगळ्या पिशव्या एका गमछ्यावर उलट्या करायच्या आणि देवाजीभाऊ सागाच्या पानांवर सारखे वाटे घालणार. आधीच्या खेपांना सात्या इतक्या जेमतेम मिळाल्या होत्या, की तिथंच एखाद्या घरच्या पाहुण्यासाठी देऊन टाकल्या गेल्या. एका पहाटे मात्र गमछा भरला. आम्ही पाच जण: देवाजीभाऊ, वच्छलाबाई, गुलाब, त्याची बायको आणि मी. पानं मांडली सहा.

सहाव्या पानाकडे कोणी हात करेना. शहाण्या माणसाने विचारलं असतं. मी विनोद केला. “हा वाटा कोणाचा गा? वाघाचा? त्याला तर सात्या पचत नाहीत!” आणि माजरीहून माझा भाऊ येणार होता हे आठवून ते पानही दुमडून पिशवीत टाकलं. कोणी हसलं नाही, कोणी काही बोललंही नाही. देवाजीभाऊंनी गमछा झटकला. आपला विनोद फार उंचीचा झाला, आणि ऐकणाऱ्यांना तिथवर चढायला वेळ लागतोय, असं मी समजलो. घरी रेखाला ऐटीत सांगितलं, “आज माझ्याच नजरेला जास्त पडल्या, म्हणून दोन वाटे.” भाऊ बोटं चाटत गेला.

पुढच्या उकाड्यानंतरच्या पहाटे गुलाबकडे टकटक झाली, वच्छलाबाईंकडे झाली. मधे काहीच नाही.

मला वाटलं, मीच झोपेत असेन. पुढच्या खेपेला वाटलं, अंधारात माझं कुंपण दिसलं नसेल. त्यापुढच्या खेपेला मी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बल्ब लावून बसलो. पायात बूट, मांडीवर पिशवी. खोकलोसुद्धा, एकदा साधा आणि एकदा अर्थपूर्ण. पावलं आली आणि गेली. त्यांच्यामागच्या कुत्र्याने तेवढी माझ्याकडे बघून शेपटी हलवली. थोड्या वेळाने नाल्यापलीकडून आवाज येऊ लागला. टण टण टण टण.

त्यांनी माझ्या जागी तेलाचा रिकामा डबा नेला होता.

दुसरा माणूस नेला असता तर मी समजून घेतलं असतं. आपल्यापेक्षा गोड बोलणारा कोणी असू शकतो. पण डबा! आतून पोकळ, बाहेरून चेपलेला, बोलण्यात एकच शब्द. मला त्या डब्याचा जो मत्सर वाटला, तसा आयुष्यात कोणाचा वाटला नाही. दिवसभर मी त्याच्याशी स्वतःची तुलना करत होतो आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी जिंकत नव्हतो.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? वाळीत वगैरे टाकलं नव्हतं. पाण्यावर अडवलं नाही, दुकानात येणं थांबलं नाही. सगळे बोलत होते, तेच तर वाईट होतं. मुद्दाम त्यांच्या परतायच्या वेळेला मी तलावावर अंघोळीला जाऊ लागलो. समोरून देवाजीभाऊ आले की म्हणायचे, “काय जवाईबापू, पानी थांबते का आज?” किती आदराने! एकाही शब्दाला नाव ठेवायला जागा नाही. फक्त रेडिओ गेला होता आणि जवाईबापू परत आला होता. भांडले असते तर भांडण तरी माझ्या वाट्याला आलं असतं.

एक गंमत पाहिली. माणसाला बाजूला ठेवलं की तो आधी कारण शोधतो, आणि सापडलं नाही की स्वतःलाच उचकटायला लागतो. मी झालेल्या सगळ्या चुकांची उजळणी केली. माझ्याकडे त्यांचा साठा मोठा आहे. गुलाबच्या सातबाऱ्याची झेरॉक्स तिरकी आली होती, ते असेल का? वच्छलाबाईंच्या मुलाच्या लग्नात मी जिलबी तिसऱ्यांदा मागितली, ते? दुकानाबाहेर कोणी हसलं की शर्टाची बटणं तपासायचो. दोघं बोलत असले आणि मी गेल्यावर थांबले, की ती वाक्यं मी मनात पुरी करायचो, आणि प्रत्येक वाक्यात मीच असायचो. दाढी करताना आरशात देवाजीभाऊंशी वाद घालायचो आणि तिथं बिनतोड जिंकायचो. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. समोर मात्र इतका नम्र झालो, की लोकांना वाटलं निवडणुकीला उभा राहतोय.

आणि बोलणं आटलं. ते कधी गेलं मला कळलंच नाही. गिऱ्हाईक यायचं, मी कागद घ्यायचो, कागद द्यायचो. रेखाने एकदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पावसाळी उकाड्यातही मला गार वाटायचं. भात पानात तसाच राहायचा. “सात्या नाई मिळाल्या म्हनून उपास करून राह्यले का?” ती म्हणाली. मी म्हणालो, “सात्या मला आवडतच नाहीत. त्याने गॅस होतो.” आयुष्यातलं हे माझं सर्वांत मोठं खोटं.

शेवटी रेखाच उठली आणि वच्छलाबाईंकडे गेली. मी ज्या प्रश्नाभोवती महिनाभर फिरत होतो, तो तिने उंबऱ्यात उभं राहून विचारला असणार. परत आली ती कमरेवर हात ठेवून.

“त्या दिवशी दोन वाटे कोनं देल्ले तुमाले?”

मी चप्पल शोधू लागलो.

“तो मैनाबाईचा वाटा होता. तिचे गुडघे गेले, तिले जंगलात चालता येत नाई. जो येऊ शकत नाई त्याचं पान पयले पडते आमच्यात. माह्या बापाच्या वेळेपासून. आन् तुमी तो भावाले खाऊ घातला?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “वच्छला म्हने, मानूस वाईट नाई, पन जो दुसऱ्याचं पान उचलते त्याच्यासंगं वाटे कसे कराचे?”

मैनाबाई. माझ्या आधी नाल्यापलीकडचा आवाज त्यांचा होता. त्या गायच्या म्हणे, वाघालाही मुक्काम बदलावा लागायचा. त्यांचे गुडघे गेले, म्हणून माझं तोंड घेतलं गेलं होतं. मी त्यांच्या जागी चाललो आणि वर त्यांचा वाटाही खाल्ला.

गावाच्या टोकाला त्यांचं घर. जाताना मी बिस्किटांचा पुडा नेला. आपल्या चुकीवर बिस्किटं हा उपाय मला लहानपणापासून सुचत आलाय. त्या दारात बसून सुपात तांदूळ निवडत होत्या.

“कोन हाय?”

“मी झेरॉक्सवाला. जावई.”

त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. “तो रेडिओ का गा तू? माह्या जागी गेलेला?”

त्या नावाने मला गावात कोणी हाक मारून किती दिवस झाले होते! पाठ केलेलं सगळं भाषण तिथंच विसरलो. कसंबसं म्हणालो, “मैनाबाई, त्या दिवशीचा तुमचा वाटा मी खाल्ला. मला माहीत नव्हतं.”

“खाल्ला तं खाल्ला. वाया तं नाई गेला.” त्या खडे वेचत राहिल्या. मग सुपाकडेच बघत म्हणाल्या, “पन मले नाई समजलं न गा. गुलाबच्या घरून कांद्यात परतल्याचा वास आला. वच्छलाच्या घरून आला. मी तवा धुऊन ठेवला, कांदा चिरून ठेवला. पान काई आलं नाई. मंग तशीच बसून राह्यली. म्हटलं, यायच्यासाठी मी मेली का काय? मेल्यावर कोनी सांगाले थोडीच येते.”

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. माझा महिना आणि त्यांची ती एक दुपार शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मला चालता येत होतं, दुकान होतं, रेखा होती, बिस्किटं होती. त्यांच्याकडे ते एक पान होतं.

“बस न. उभा काऊन? सांग, नाल्यातला तो मोठा गोटा हाय का अजून? आन् उंच वारूळ? त्याच्याबाजूचं ऐनाचं झाड पडलं म्हनते, खरं का?”

मी बसलो आणि सांगू लागलो. गोटा आहे, ऐन अर्धा पडलाय, वारूळ आहे पण अस्वलाने एका अंगाने उकरलंय. त्या मधेच चूक काढायच्या, “डावीकडून नाई, उजवीकडून जाते ती वाट.” दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून पुन्हा गेलो. मग जातच राहिलो. गावात माझं तोंड बंद होतं ते तिथं उघडायला लागलं, थोडं थोडं, गंजलेल्या कडीसारखं. एकदा त्या म्हणाल्या, “वाट्याचं तेवढं नाई गा. ते टकटक आठोते मले. अजून जाग येते त्या वेळेले. घरावरून पाय जाते, कुडाले कोनी हात लावत नाई. काऊन लावन? मी कुठी चालू शकते आता?”

एका सकाळी त्यांच्याकडून परत आलो तर रेखा कुंपणाशी उभी. हात लावत नव्हती, नुसती बघत होती. बांबूच्या टोकाला वेलीने बांधलेलं सागाचं पान लटकत होतं. आत सात्या. पहाटे मी टकटक ऐकली होती, दोन्ही बाजूंची.

“कोणाचं हे?”

“तुमचं,” रेखा म्हणाली. “न आलेल्याचा वाटा हाय.”

मी ते पान सोडवून हातात घेतलं. टाकून दिलेल्या माणसाचा वाटा नसतो. वाटा ज्याचा पडतो तो आपल्यातलाच असतो, फक्त आज आला नाही एवढंच. मी आलो नव्हतो, हे काही खरं नव्हतं. बूट घालून बसलो होतो. पण त्यांनी तसं धरलं. जेवताना रेखाने डोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो, “तिखट जास्त झालंय.”

त्याच आठवड्यात माझ्या कुंपणावर काठी वाजली. टक, टक. मी उलट्या पायांत बूट घालून धावलो. गुलाबने बघितलं, बोलला नाही. गावात बोलायचं नसतं. नाला आला, ओलांडला. आता बोलायचं होतं. कोणाच्या हातात डबा नव्हता. सगळे चालत होते आणि वाट बघत होते. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माफीचं भाषण तयार होतं, विनोद तयार होते, पण एखादा चुकीचा शब्द गेला तर, या भीतीने जीभ टाळूला चिकटली होती. जंगल इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. बांबूवरून थेंब गळत होते आणि प्रत्येक थेंबाला आम्ही पाचही जण दचकत होतो.

देवाजीभाऊ सर्वांत पुढे. मागे न बघता ते म्हणाले, “काऊन बे रेडिओ? सेल गेले का?”

मी एकदम हसलो, आणि हसताना कुठूनतरी आवाज निघाला. “एक होता जावई,” मी म्हणालो, “आणि एक होता तेलाचा डबा.” मग त्या दोघांची स्पर्धा, जावयाचा अर्थपूर्ण खोकला, दाढीच्या जखमा, सगळं सांगत सुटलो. वच्छलाबाईंनी पुन्हा बांबूला धरलं. “बंद करा वो याले, पोट दुखते!” मी माफी मागायला गेलो तर देवाजीभाऊ म्हणाले, “ते राहू दे. समोर पाह्य, वारूळ आलं.”

मोहाखाली पानं पडली सहा. मैनाबाईंचं पान मी दुमडलं आणि मीच नेऊन दिलं. पुढच्या खेपेला जाताना, त्यांच्या घरावरून निघालो तेव्हा, मी मागे राहून त्यांच्या कुडावर बोटाने एकदा वाजवलं. दोन म्हणजे ‘चल’. एक म्हणजे काय, ते मी ठरवलं नव्हतं. ‘आम्ही जाऊन येतो’ असं काहीतरी. आतून आवाज आला, “हूं.” देवाजीभाऊ थांबले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नियम मोडला म्हणून बोलतील असं वाटलं. पण ते वळून पुढे चालू लागले. त्यानंतर मात्र दर खेपेला ती एक टक काठीनेच वाजू लागली. अजून वाजते.

हे सगळं सांगायला एवढे कागद लागले. आठवायला मात्र, वच्छलाबाई उठून पिशवी घेऊन बाहेर येईपर्यंतचाच वेळ लागला. जंगलाची वाट त्यांच्या कोपऱ्यावरून वळते आणि माझ्या मागच्या वाडीला लागून जाते. मी चादरीत होतो. पावलं मागे आली. चिखलात थबकली.

टक.

एकच.

“हूं,” मी आतून म्हणालो. बाहेर कोणीतरी हसू दाबलं, बहुतेक वच्छलाबाई. पावलं चालू लागली. थोड्या वेळाने नाल्यापलीकडून त्याचा आवाज आला, तोच बेसूर, एका शब्दाचा. टण टण टण टण. मी चादर बाजूला केली आणि मनात म्हटलं, वाजव बाबा, पाय जुळेपर्यंत.